दोन सेकंद चित्र, मग काळोख : मॉनिटरमधला दोष कुठे आहे हे कसे ओळखावे

आपण गेवराई तालुक्यात संगणक प्रशिक्षण वर्ग चालवता आणि वर्गातील साडेअठरा इंची तीन मॉनिटरांबद्दल विचारले आहे. पहिल्या मॉनिटरवर चालू करताच चित्र दिसते, परंतु दोन सेकंदांत पडदा काळा होतो. पॉवरचा निळा दिवा मात्र लागलेलाच राहतो. दुसरा मॉनिटर मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात गेलेली लाइट परत आली त्या क्षणी फटकन आवाज होऊन बंद पडला. तिसऱ्यावर उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक रंगीत रेषा कायमची आली आहे. तिन्हींचे पॅनल (चित्र दाखवणारा काचेचा भाग) गेले, असे आपल्याला सांगण्यात आले आणि ते खरे मानावे का, हा आपला प्रश्न आहे. माझ्या मते तिसऱ्याचे पॅनल गेले आहे, पहिल्याचे बहुधा शाबूत आहे आणि दुसऱ्याच्या बाबतीत पॅनलचे नाव घेण्याआधी बरेच काही तपासायचे बाकी आहे. असे मी का म्हणतो ते कळण्यासाठी मॉनिटरमध्ये चित्र कसे तयार होते ते आधी पाहिले पाहिजे, कारण दुरुस्तीतले सगळे अनुमान त्यावरच उभे असते.

एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्रकाश मागून येतो आणि पडदा तो केवळ अडवतो किंवा सोडतो. जुन्या एलसीडी मॉनिटरांत हा मागचा प्रकाश बारीक फ्लुरोसंट नळ्यांचा असे, आता तो पांढऱ्या एलईडींचा असतो. बाजारात ज्याला ‘एलईडी मॉनिटर’ म्हणतात तोही एलसीडीच आहे, फक्त त्याचा बॅकलाइट एलईडीचा आहे. आपल्या आकाराच्या मॉनिटरमध्ये एलईडींची पट्टी बहुधा एकाच कडेला बसवलेली असते आणि जाड पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची शीट तो प्रकाश संपूर्ण पडद्यामागे पसरवते. या शीटच्या पुढे ध्रुवक फिल्म (एकाच ठरावीक दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारी), तिच्यापुढे दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा (लिक्विड क्रिस्टलचा) अतिशय पातळ थर आणि शेवटी पहिलीशी काटकोनात लावलेली आणखी एक ध्रुवक फिल्म अशी रचना असते. द्रवस्फटिकांचे चमत्कारिक वर्तन ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिड्रिख राइनिट्झर यांना १८८८ मध्येच दिसले होते. त्यांचा पडद्यासाठी उपयोग मात्र १९७० च्या सुमारास सुरू झाला. वर्गातल्या स्वस्त मॉनिटरमध्ये असते त्या टीएन प्रकारच्या पॅनलमध्ये हे रेणू दोन काचांच्या दरम्यान ९० अंशांत वळलेले असतात, त्यामुळे त्यांच्यातून जाणारा प्रकाशही तेवढाच वळतो आणि पुढच्या ध्रुवकातून बाहेर पडतो. विद्युतदाब दिला की रेणू सरळ उभे राहतात, प्रकाश वळत नाही आणि ती जागा काळी दिसते. म्हणजे टीएन पॅनलला काहीही दाब मिळाला नाही तर ते पांढरे दिसते, आयपीएस या दुसऱ्या प्रकारचे पॅनल मात्र तशा वेळी काळे दिसते. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आपल्या मॉनिटरचे रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८ असेल तर त्यावर १० लाख ४९ हजार ८८ पिक्सेल आहेत, आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन भाग धरले तर ३१ लाखांहून अधिक स्वतंत्र ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यामागे काचेवरच घडवलेला एक पातळ ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म कपॅसिटर असतो. एवढ्या ठिपक्यांना वेगवेगळी तार नेणे शक्य नसल्यामुळे काम ओळी-ओळीने चालते. जायकवाडीच्या कालव्यावर पाणीपाळी आली की ज्या चारीचे दार उघडले त्याच शेतांना पाणी मिळते आणि मग ते दार बंद होऊन पुढचे उघडते, तशी येथेही एका वेळी एकच आडवी ओळ उघडते, वरून येणाऱ्या उभ्या तारा त्या ओळीतल्या ठिपक्यांत आपापला दाब भरतात आणि ओळ बंद होते. सेकंदाला ६० वेळा संपूर्ण पडदा भरायचा तर एका ओळीच्या वाट्याला सुमारे २० मायक्रोसेकंद येतात. आडव्या ओळी उघडणाऱ्या चिपा वेगळ्या आणि उभ्या तारांत दाब भरणाऱ्या चिपा वेगळ्या असतात, म्हणूनच उभी रेषा आणि आडवी रेषा हे दोन वेगळे आजार आहेत.

पॅनलला हे सगळे पुरवण्यासाठी मागच्या झाकणाखाली ठरावीक विभाग असतात. पहिला एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टच्या एसीपासून ५, १२ किंवा तत्सम व्होल्टचा डीसी तयार करणारा भाग. पुष्कळ नव्या मॉनिटरांत तो आत नसून बाहेरच्या अडॅप्टरमध्ये असतो, आणि तो अडॅप्टर कुणाचा १२, कुणाचा १४, तर कुणाचा १९ व्होल्टचा असतो. एकाचा दुसऱ्याला लावू नये. दुसरा विभाग बॅकलाइट ड्रायव्हर, जो बहुधा एसएमपीएसच्याच बोर्डावर असतो. तिसरा मुख्य बोर्ड, त्याला आम्ही स्केलर बोर्ड म्हणतो. व्हीजीए किंवा एचडीएमआय केबलमधून आलेले चित्र पॅनलच्या मापात बसवणे आणि मेनू दाखवणे हे त्याचे काम. चौथा टीकॉन, जो पॅनलच्या कडेलाच चिकटलेल्या लांबट पट्टीवर असतो आणि ओळी कधी उघडायच्या, कधी मिटायच्या हे ठरवतो. मुख्य बोर्डाकडून टीकॉनला एलव्हीडीएस केबलने चित्र आणि बहुधा ५ व्होल्टचा पुरवठा जातो. त्या ५ व्होल्टपासून टीकॉनवरचे छोटे कन्व्हर्टर ओळी उघडण्यासाठी साधारण २० ते ३० व्होल्ट आणि बंद करण्यासाठी उणे ५ ते १० व्होल्ट तयार करतात.

आता स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी करायच्या तपासण्या. मी त्यांना फार महत्त्व देतो, कारण ‘मॉनिटर गेला’ म्हणून आलेल्या तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी मॉनिटरच्या नसतातच. पॉवरचा दिवा पिवळा किंवा लुकलुकता असेल आणि केबल काढल्यावर पडद्यावर ‘नो सिग्नल’ असा संदेश सरकताना दिसत असेल, तर एसएमपीएस, बॅकलाइट, स्केलर, टीकॉन आणि पॅनल या सगळ्यांनी आपले काम करून दाखवलेले आहे. अशा वेळी संगणकाची रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून पुन्हा नीट बसवणे आणि केबल बदलून पाहणे, एवढे आधी करावे. व्हीजीए केबल असल्यास तिच्या १५ पिनांकडे उजेडात नीट पाहावे. एखादी पिन वाकून आत गेली की एक रंग नाहीसा होतो आणि सगळा पडदा पिवळसर, जांभळा किंवा निळसर-हिरवा दिसू लागतो, आणि लोक त्याला पॅनलचा दोष समजतात. ‘आउट ऑफ रेंज’ असा संदेश आला तर संगणकात मॉनिटरला न पेलणारे रिझोल्यूशन निवडले गेले आहे, तेथे मॉनिटर उघडण्याचे कारणच नाही.

दुसरी तपासणी मेनूची. चित्रात रेषा, ठिपके किंवा रंगांचे डाग दिसत असतील तर मॉनिटरचे मेनूचे बटण दाबावे. मेनूची चौकट मॉनिटरचा स्वतःचा स्केलर बोर्ड तयार करतो, संगणकाचा तिच्याशी संबंध नसतो. चौकट स्वच्छ आणि बाकी चित्र खराब असेल तर दोष केबलमध्ये किंवा संगणकाच्या ग्राफिक्समध्ये आहे. तीच रेषा चौकटीतूनही आरपार जात असेल तर दोष मॉनिटरमध्ये आहे.

तिसरी तपासणी टॉर्चची आणि आपल्या पहिल्या मॉनिटरचा सगळा निकाल तिच्यावर अवलंबून आहे. खोलीत अंधार करावा, संगणक चालू ठेवावा, मॉनिटर चालू करावा आणि पडदा काळा झाल्यावर मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरपा धरावा. कोन हळूहळू बदलत गेल्यावर काळ्या पडद्यावर अतिशय फिकट, राखाडी असे डेस्कटॉपचे चिन्ह किंवा खालच्या पट्टीवरचे घड्याळ दिसू लागले, माउस हलवल्यावर बाणही सरकताना दिसला, तर पॅनल जिवंत आहे, टीकॉन जिवंत आहे, स्केलर जिवंत आहे. फक्त मागचा प्रकाश विझला आहे. आपल्या वर्णनावरून मला हेच अपेक्षित आहे, कारण दोन सेकंदांनी विझणे हे बॅकलाइट ड्रायव्हरच्या संरक्षण व्यवस्थेचे ठळक लक्षण आहे.

ती व्यवस्था अशी चालते. पट्टीवरचे एलईडी माळांमध्ये जोडलेले असतात. एका माळेत दहा एलईडी असतील तर प्रत्येकी सुमारे ३ व्होल्टप्रमाणे माळेला ३० व्होल्ट लागतात, म्हणून ड्रायव्हरची आयसी १२ किंवा तत्सम व्होल्ट घेऊन, एक कॉइल, एक मॉस्फेट (झटपट चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) आणि एक डायोड यांच्या साहाय्याने तो दाब वर चढवते. प्रत्येक माळेतून परत येणारा करंट ती स्वतंत्रपणे मोजते. एखाद्या माळेतला करंट आला नाही, किंवा दाब मर्यादेबाहेर चढला, तर आयसी सगळाच प्रकाश बंद करते. जुन्या फ्लुरोसंट नळ्यांच्या मॉनिटरांतही हेच होत असे: एक नळी थकली की इन्व्हर्टर दोन सेकंद प्रयत्न करून थांबत असे, आणि नळी थकल्याची खूण म्हणून सुरुवातीचा प्रकाश लालसर दिसे. त्या इन्व्हर्टरच्या बाहेर पडणाऱ्या टोकाला चालू स्थितीत ६०० व्होल्टांहून अधिक आणि पेटतेवेळी त्याच्याही दुप्पट दाब असतो, म्हणून तसा जुना मॉनिटर आपल्याकडे असेल तर तेथे साध्या मल्टिमीटरची टोके लावू नयेत.

पहिल्या मॉनिटरसाठी न उघडता करता येईल अशी आणखी एक गोष्ट आहे. चित्र दिसते त्या दोन सेकंदांत, आवश्यक तर अनेकदा बंद-चालू करून, मेनूतून ब्राइटनेस अगदी खाली, दहाच्या आसपास आणावा. त्यानंतर प्रकाश टिकून राहिला तर माळ पूर्ण तुटलेली नाही. एसएमपीएसचे कपॅसिटर थकल्यामुळे पूर्ण प्रकाशाचा भार पडताच पुरवठा खाली बसतो आहे, असा माझा पहिला संशय असेल. ब्राइटनेस कमी करूनही विझत असेल तर मागचे झाकण उघडून एलईडीच्या पट्टीकडे जाणारा लहान कनेक्टर काढून पुन्हा बसवावा. त्याची पिन काळवंडलेली किंवा प्लॅस्टिक तपकिरी झालेले असेल तर दोष तेथेच सापडला. तेही ठीक असेल तर या कनेक्टरच्या धन पिनवर मल्टिमीटर ठेवून चालू करतानाचा दाब पाहावा. तो पुरवठ्याच्या १२ व्होल्टच्या आसपासच राहिला, मुळीच चढला नाही, तर ड्रायव्हरला स्केलरकडून ‘चालू हो’ हा सुमारे ३ ते ५ व्होल्टचा इशारा येतो आहे की नाही ते पाहायचे, आणि येत असेल तर मॉस्फेट, डायोड व त्यांच्या आधीचा छोटा फ्यूज तपासायचा. दाब नेहमीपेक्षा बराच वर चढून खाली पडला तर माळ कुठेतरी तुटलेली आहे. दुरुस्तीच्या दुकानात बॅकलाइट टेस्टर नावाचे साधे यंत्र मिळते, त्याने प्रत्येक माळ वेगळी पेटवून पाहता येते आणि संशयाला जागा उरत नाही.

येथे एका पद्धतीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. काही ठिकाणी आयसीची संरक्षणाची पिनच निकामी करून प्रकाश ‘टिकवून’ देतात. मॉनिटर त्या दिवशी चालतो, गिऱ्हाईक समाधानाने जाते. पण उरलेल्या माळांवर भार वाढतो, आयसी आणि कॉइल तापतात आणि काही महिन्यांत बोर्ड जळतो. माळ तुटली असेल तर त्याच मापाची, तेवढ्याच एलईडींची पट्टी बदलणे हाच इलाज आहे. त्यासाठी पॅनलचे थर वेगळे करावे लागतात, म्हणून ते काम घरी करण्यापेक्षा ज्याच्याकडे धूळमुक्त जागा आणि हातखंडा आहे त्याच्याकडून करून घ्यावे. थरांमध्ये एक केस गेला तरी तो पांढऱ्या पडद्यावर कायमचा दिसत राहतो.

दुसऱ्या मॉनिटरकडे वळण्याआधी धोक्याची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. २३० व्होल्ट एसी चार डायोडांच्या ब्रिजमधून सरळ केल्यावर, म्हणजे त्याचा डीसी केल्यावर, मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी जमा होतात आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ तेथे राहू शकतात. एसएमपीएस मेलेला असेल तर अधिकच, कारण साठा वापरणारेच कोणी उरलेले नसते. प्लग काढावा, पाच-दहा मिनिटे थांबावे, मल्टिमीटरने त्या कपॅसिटरवरचा दाब मोजावा आणि उरलेला असल्यास २.२ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्याने धरून तो उतरवावा. पेचकसाने दोन टोके शॉर्ट करू नयेत. ठिणगी डोळ्याकडे उडते आणि शाबूत भागही जातात. वर्गातल्या विद्यार्थ्यांना हे काम पाहू द्यावे, करू देऊ नये.

लाइट परत येताना आवाज झाला, यावरून काय घडले असावे ते सांगता येते. वादळात डीपीवरचा किंवा खांबावरचा न्यूट्रल सुटला तर एका फेजवरच्या घरांना दुसऱ्या फेजच्या भारामार्फत २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब मिळू शकतो. ४०० व्होल्ट एसीचे सरळ केल्यावर ५६० व्होल्टांहून अधिक होतात, आणि आतला मुख्य कपॅसिटर असतो जास्तीत जास्त ४५० व्होल्टचा. त्यामुळे त्याचे वरचे झाकण उघडते, किंवा त्याच्या अलीकडची निळी चकतीसारखी व्हेरिस्टर फुटून फ्यूज जातो. व्हेरिस्टर फुटली असेल तर ती चांगली बातमी समजावी, कारण ती स्वतः जाऊन पुढच्या भागांना वाचवते. फ्यूजची काच आतून स्वच्छ असून तार नुसती तुटलेली असेल तर धक्का लहान होता. काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर पुढे कुठेतरी थेट शॉर्ट आहे आणि नवा फ्यूजही क्षणात जाईल. फ्यूजच्या जागी तार बांधणे तर पूर्णपणे वर्ज्य.

क्रम असा ठेवावा. कपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री करून ब्रिजचे चारही डायोड मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर पाहावेत. एका दिशेने साधारण ०.४ ते ०.६ व्होल्ट आणि उलट दिशेने काहीच नाही, असे रीडिंग हवे. मग एसएमपीएसच्या मॉस्फेटच्या ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमध्ये बीप वाजते का ते पाहावे. वाजली तर केवळ मॉस्फेट बदलून भागत नाही. त्याच्या सोर्सला जोडलेला एक ओहमच्या आतबाहेरचा रेझिस्टर आणि नियंत्रण करणारी आयसी हेही बहुधा गेलेले असतात आणि ते तसेच ठेवले तर नवा मॉस्फेट पहिल्याच क्षणी उडतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या, म्हणजे दुय्यम, बाजूचे शॉटकी डायोडही त्याच वेळी पाहून घ्यावेत. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा लाइट देताना ६० किंवा १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जावे, लख्ख पेटलेलाच राहिला तर शॉर्ट अजून आहे आणि आपले सुटे भाग वाचले.

मोजताना एक गोष्ट नवशिक्यांना फार फसवते. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडची बाजू आणि पलीकडची बाजू यांचा ग्राउंड एक नसतो. अलीकडचे दाब मुख्य कपॅसिटरच्या ऋण टोकाशी आणि पलीकडचे दाब मॉनिटरच्या धातूच्या सांगाड्याशी मोजायचे. उलटसुलट केल्यास शून्य किंवा निरर्थक आकडे येतात आणि शाबूत भाग काढून टाकले जातात.

मुख्य कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट येत आहेत, मॉस्फेट ठीक आहे, तरीही पलीकडे काहीच नाही, अशी स्थिती सापडली तर नियंत्रण आयसीच्या शेजारचा छोटासा, २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचा, ५० व्होल्टचा कपॅसिटर आधी बदलावा. तो फुगत नाही, गळत नाही, दिसायला नवाच असतो. पण आतून सुकलेला असल्यामुळे आयसीला सुरू होण्यापुरते बळ मिळत नाही. काही रुपयांच्या या भागापायी चांगले मॉनिटर भंगारात गेलेले मी पाहिले आहेत आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटते.

कपॅसिटरांविषयी थोडे अधिक सांगतो, कारण आपल्या भागात मॉनिटर मरतात ते मुख्यतः त्यांच्यामुळे. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू उडून जातो. तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, हा या धंद्यातला मान्य ठोकताळा आहे. १०५ अंशांवर २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर ठेवला तर सुमारे ३२ हजार तास टिकेल. तोच ८५ अंशांवर ठेवला तर ८ हजार तास. मराठवाड्यात मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात, पत्र्याच्या खोलीत त्याहून अधिक, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या मॉनिटरच्या बंद झाकणाखाली किती होत असेल याची कल्पना करावी. म्हणून मागे वितीएवढी मोकळी जागा सोडणे, जाळीवरची धूळ ब्रशने काढत राहणे आणि ब्राइटनेस १०० वरून ६०-७० वर आणणे, या तीन गोष्टी वर्गातल्या प्रत्येक मॉनिटरला आजच कराव्यात. त्यांना खर्च नाही.

थकलेला कपॅसिटर ओळखायचा कसा? त्याच्या डोक्यावर इंग्रजी ‘एक्स’ किंवा ‘के’सारखी खाच असते, नवा असताना ती अगदी सपाट असते. बोटाचे टोक फिरवल्यावर थोडासाही उंचवटा जाणवला, किंवा खाचेत तपकिरी खवले दिसले, तर तो गेलाच. परंतु न फुगलेलाही गेलेला असू शकतो. डिसेंबरच्या गारठ्यात सकाळी दिवा लुकलुकत राहतो, मॉनिटर चालू होत नाही आणि अकराच्या सुमारास खोली तापल्यावर आपोआप चालू होतो, ही तक्रार कपॅसिटरचीच, कारण थंडीत त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. खात्रीसाठी, लाइट बंद ठेवून, दुय्यम बाजूच्या कपॅसिटरांवर हेअर ड्रायरची गरम हवा मिनिटभर सोडावी आणि मग चालू करून पाहावे. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे अधिक, १०५ अंशांचा आणि कमी ईएसआरचा (अंतर्गत रोधाचा) असाच घ्यावा. पट्टीकडची ऋण बाजू बोर्डावरच्या खुणेशी जुळवावी. एक फुगलेला दिसला तरी त्या बाजूचे सगळे बदलावेत, कारण ते सगळे सारख्याच उष्णतेत सारखेच दिवस तापलेले असतात.

तिसऱ्या मॉनिटरविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एकच उभी रेषा, मेनूतूनही आरपार जाणारी, म्हणजे उभ्या तारांत दाब भरणाऱ्या चिपेची लवचीक पट्टी काचेला जेथे चिकटवलेली असते तेथला एक संपर्क सुटला आहे. ती जोडणी सोल्डरची नसते. सूक्ष्म वाहक कण मिसळलेल्या चिकट फिल्मवर उष्णता आणि दाब देऊन ती केलेली असते. बेझेलची (पडद्याभोवतीच्या चौकटीची) कड बोटाने दाबल्यावर रेषा जाते आणि सोडल्यावर येते, यावरून हेच निदान पक्के होते. ती नव्याने जोडणारी यंत्रे मोठ्या शहरांत आहेत, पण साडेअठरा इंची मॉनिटरसाठी तो खर्च करू नये, आणि कडेला रबराचा तुकडा कोंबून केलेली दुरुस्ती टिकत नाही. एका रेषेसह टायपिंगच्या सरावाला तो खुशाल वापरावा. पुढे अधिक रेषा आल्या तर त्याला टाकून देऊ नये: तिन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे असतील तर त्याचा एसएमपीएस बोर्ड आणि एलईडीची पट्टी पहिल्या दोघांच्या उपयोगी पडतील.

यांखेरीज आणखी काही लक्षणे आपल्याला पुढे भेटतील. बॅकलाइट आहे पण टीएन पडदा कोरा पांढरा आहे, म्हणजे टीकॉनला ५ व्होल्ट मिळत नाहीत किंवा एलव्हीडीएस केबल सुटली आहे. या केबलच्या कनेक्टरजवळचा छोटा फ्यूज आधी पाहावा. मेनू आपोआप उघडतो, आवाज किंवा ब्राइटनेस स्वतःच बदलतो, म्हणजे बटणांच्या पट्टीत ओल शिरली आहे. ती पट्टी काढून ठेवल्यावर वागणे सुधारले तर निदान झाले. पावसाळ्याच्या तोंडावर लाल मुंग्या उबेसाठी जाळीतून आत जातात आणि क्वचित पालही एसएमपीएसच्या ३२५ व्होल्टच्या भागावर जाऊन मरते. तेथला बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण वाळवून, जळालेला काळा भाग खरवडून मगच लाइट द्यावी, कारण कोळसा झालेला बोर्ड स्वतःच वीज वाहून नेतो. मुख्य बोर्ड गेला असता युनिव्हर्सल बोर्ड बसवून देतात, तो इलाज चांगला आहे. मात्र त्यावर पॅनलचा पुरवठा ३.३, ५ की १२ व्होल्ट हे निवडणारा जंपर असतो आणि ५ व्होल्टच्या पॅनलला चुकून १२ व्होल्ट गेले की पॅनल त्याच क्षणी जाते. बसवण्याआधी पॅनलच्या मागच्या लेबलवरचा क्रमांक पाहून हा जंपर आपल्या डोळ्यांदेखत लावून घ्यावा.

वर्गाच्या वायरिंगविषयीही आपण विचारले आहे. आधुनिक एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टमध्ये चालतो, त्यामुळे गावात दाब १६० वर उतरला तरी मॉनिटरचे फारसे बिघडत नाही आणि दाब वाढवणाऱ्या स्टॅबिलायझरवर त्यासाठी पैसे घालू नयेत. मारतो तो चढलेला दाब. म्हणून मुख्य बोर्डात ठरावीक मर्यादेच्या वर दाब गेल्यावर लाइन तोडणारे आणि दाब स्थिर झाल्यावर काही मिनिटांनी पुन्हा जोडणारे ओव्हर-व्होल्टेज संरक्षक उपकरण बसवून घ्यावे. न्यूट्रल सुटल्यास तेच वाचवते. अर्थिंग नसताना एसएमपीएसच्या फिल्टरमधल्या कपॅसिटरांमुळे धातूच्या भागांना हलके झिणझिणणे येते आणि तसा मॉनिटर व संगणक एकमेकांना जोडताना व्हीजीए किंवा एचडीएमआयचे पोर्ट जळू शकते, म्हणून केबल लावताना दोन्हींचे प्लग काढलेले असावेत. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि कोरड्या जमिनीत अर्थिंगचा रोध वाढतो, तेव्हा मार्चपासून पाऊस लागेपर्यंत अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घालण्याची जबाबदारी कोणाकडे तरी नेमून द्यावी. विजा कडाडू लागल्या की मात्र कोणत्याही उपकरणाचा भरवसा न धरता प्लग भिंतीतून काढणे हाच खरा बचाव आहे. स्विच बंद केल्याने तो होत नाही.

पहिल्या मॉनिटरची टॉर्चची तपासणी आणि ब्राइटनेस कमी करण्याचा प्रयोग आपण आज संध्याकाळीच करू शकता. दुसऱ्याचे झाकण आपल्या ओळखीच्या तंत्रज्ञाकडून उघडून घेऊन फ्यूजची काच कशी दिसते, व्हेरिस्टर फुटली आहे का, ब्रिजच्या चार डायोडांचे रीडिंग आणि मॉस्फेटच्या ड्रेन-सोर्समधले रीडिंग एवढे कागदावर लिहून मला कळवावे, सोबत बोर्डाचा दोन्ही बाजूंनी काढलेला स्पष्ट फोटो असावा. त्यावरून कोणते भाग आणायचे, त्यांचे क्रमांक आणि त्यांना चालणारे पर्याय मी सांगेन.